चौदा बैल, छप्पन्न खूर

पोळ्याच्या दिवशी आमच्या दारात चौदा बैल उभे राहतात. प्रत्येकाचे चारही खूर धुवायचे, कपाळाला कुंकू लावायचे, ओवाळायचे आणि पुरणाची पोळी आपल्या हाताने भरवायची, हा धावड्याच्या पाटलांच्या घरातील थोरल्या सुनेचा मान आहे. सासूबाई गेल्या त्या वर्षी तो माझ्याकडे आला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्यानंतर एकोणचाळीस पोळे झाले आणि एकदाही ते चांदीचे ताट मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नाही. रझाकारांच्या धामधुमीत गावातील निम्म्या घरांना कुलपे होती, तरी आमच्या दारात बैलांचे पाय धुतले गेले. चाळिसाव्या पोळ्याला, म्हणजे छप्पन्न साली, मी पडले.

सातवा बैल हरण्या होता. त्याचे मागचे खूर धुऊन मी सरळ उभी राहिले. दारावरच्या तोरणाची पाने हिरवी होती, ती पाहता पाहता राखेच्या रंगाची झाली. मानेपासून दोन्ही खांद्यांपर्यंत कुणी जू ठेवल्यासारखे जड वाटले. त्यापुढचे मला आठवत नाही. आमचा जुना गडी मच्छिंद्र याने नंतर सांगितले ते असे, की मी हरण्याच्या पोटाखाली आडवी झाले होते आणि त्या जनावराने मागचा एक पाय उचलून धरला तो मला ओढून काढीपर्यंत खाली टेकवला नाही. ताट मातीत पडले होते. माझी धाकटी जाऊ झुंबरबाई हिने ते उचलले, निरांजन पुन्हा लावले आणि हरण्यासह उरलेले आठ बैल ओवाळले. तिचे मी तेव्हा कौतुक करायला हवे होते. केले नाही.

एकदा पडल्याचे मला काही वाटले नसते. परंतु त्यानंतर तो नेमच झाला. पलंगावरून उठले की डोळ्यांपुढे करडे पडे. जेवण झाल्यावर अधिक, उन्हाच्या दिवसांत त्याहून अधिक. भर वैशाखात घरातल्या बायकांची लुगडी घामाने भिजत आणि माझ्या कपाळावर थेंब येत नसे. आडवी झाले की पाच मिनिटांत सर्व ठीक. त्यामुळे मी उठायची, पडायची, आडवी व्हायची, आणि पुन्हा उठायची, कारण आडवे राहून घर चालत नाही.

गावाने आपापले निदान केले. गोजरबाई सुईण, जिने माझी पाचही बाळंतपणे केली, ती म्हणाली की हे वारे आहे. झुंबरबाई म्हणाली, वय आहे. माझ्या मालकांनी जालन्याहून एक नावाजलेले डॉक्टर मोटारीने आणले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यामुळे घडले. पोळ्याचा दिवस आणि घरचे गडी सोडले, तर आमच्या घरातील स्त्री परपुरुषासमोर येत नसे. डॉक्टर आले तरी त्यात सवलत नव्हती. माझा पलंग माजघराच्या दारापाशी ओढला, दारावर जाड पडदा सोडला, आणि मी आतून आडव्यानेच हात बाहेर काढला. डॉक्टरांनी त्या हाताला पट्टी बांधली, हवा भरली आणि काचेच्या नळीतला पारा पाहिला.

"एकशे ऐंशी," ते मालकांना म्हणाले. "रक्ताचा दाब फार वाढला आहे. त्याने चक्कर येते."

त्यांनी सर्पगंधेच्या मुळीपासून केलेल्या गोळ्या दिल्या, मीठ बंद केले आणि जास्तीत जास्त झोपून राहायला सांगितले. त्या डॉक्टरांना मी आजही दोष देत नाही. त्यांच्यापुढे एक आडवा हात आला, त्यांनी त्या हाताचे औषध दिले.

मी मीठ सोडले म्हणजे सोडले. अळणी भाकरी, अळणी वरण, अळणी पिठले. सून नंदाबाई चोरून चिमूटभर टाकू पाहायची. मी ताट परत पाठवायची. गोळी एकही चुकवली नाही. नातेवाईक भेटीला येत आणि माझ्या पथ्याची तारीफ करीत. तारीफ मला आवडते, हे मी लपवीत नाही. वर्षभर मी ते पथ्य पाळले आणि वर्षभरात माझी अवस्था अशी झाली, की पूर्वी उठल्यावर दोनशे पावले चालता येत होती, आता मोरीपर्यंत जायला नंदाबाईचा खांदा लागू लागला. जालन्याला निरोप गेला. गोळ्या वाढवून आल्या.

सत्तावन्न सालचा पोळा मी खिडकीतून, पलंगावर पडून पाहिला. ताट झुंबरबाईच्या हाती होते. ती घाईत होती. बैलांच्या पुढच्या खुरांवर तिने पाणी घातले. मागच्या खुरांवर थेंब पडला नाही. मी चौदाही बैल पाहिले. अठ्ठावीस खूर कोरडे राहिले.

रात्रीच्या जेवणाआधी मालक माझ्या पलंगापाशी येऊन बसले. पाटील मनाने मऊ, त्यामुळे अवघड गोष्ट सांगायची झाली की ते आधी पानाचा डबा उघडीत.

"मी काय म्हणून राह्यलो," ते म्हणाले, "पुढच्या पोळ्यापासून ताट धाकटीकडंच राहू दे. कायमचं. तू पडून सांगत जा, ती करत जाईल."

"ती मागचे खूर धूत नाही," मी म्हणाले.

"बैलांनी तक्रार केली का?"

"बैल कशाची तक्रार करतात?"

त्यांनी पान लावले, मला दिले, आणि म्हणाले, "पुढच्या पोळ्याला उभी राहिलीस तर ताट तुझं. न्हाई तर धाकटीचं. आता यावर बोलायचं न्हाई."

ते उठून गेले. माझ्या हाती बारा महिने होते आणि ते मी पुन्हा अळणी खाण्यात घालविणार होते, कारण मला दुसरे काही ठाऊक नव्हते.

त्यातले आठ महिने गेले. चैत्रातल्या चतुर्थीला मालक राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेले. तेथे त्यांना जुन्या जालन्याचे कापडवाले कचरूलाल भेटले. आमच्या घरातली लग्नाची लुगडी तीन पिढ्या त्यांच्याच दुकानातून येतात. त्यांचा मुलगा शिवनारायण हैदराबादेहून डॉक्टरी शिकून नुकताच परतला होता आणि वडिलांबरोबर दर्शनाला आला होता. मालकांनी त्याला गाडीत घातले आणि धावड्याला आणले. त्याचे वय असेल सव्वीस. त्याच्या पणजोबांनी राजस्थान सोडले होते. त्याची मराठी आमच्याइतकीच मराठवाड्याची होती.

पलंग दारापाशी ओढला गेला. पडदा सोडला. मी हात बाहेर काढला. पट्टी बांधली, हवा भरली, सोडली.

"एकशे नव्वद," पडद्यापलीकडून तो म्हणाला. मग म्हणाला, "काकी, तुम्ही झोपेत पडता का?"

"झोपेत माणूस कुठे पडेल?"

"बसल्यावर?"

"क्वचित. उभी राहिले की."

"आडवं झाल्यावर बरं वाटतं?"

"लगेच."

"तर मग मी मोजला तो झोपलेल्या बाईचा दाब. तो बराबर जास्तच आहे. पण पडते ती उभी राहिलेली बाई. तिला अजून कुणीच पाह्यलं न्हाई. तिचा दाब मोजल्याबिगर मी औषध देत न्हाई."

ओसरीवर मालक खाकरले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आमच्या घरच्या बाया परक्या माणसापुढं उभ्या न्हाई राहत. आडवंच जे काय करायचं ते करा."

"आडवं तर दीड वर्ष करून झालं, पाटीलसाहेब. मंग मी निघतो. नुसत्या हातासाठी जालन्यात बक्कळ डॉक्टर आहेत."

पोरगा उद्धट नव्हता. पेटी बंद करण्याचा आवाज आला, म्हणजे खरोखरच निघाला होता. झुंबरबाई माझ्या उशाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या आक्का. अब्रूपेक्षा चक्कर मोठी न्हाई."

माझ्या सासूबाईंनी तो पडदा शिवला होता. त्याच्याआडून मी चाळीस वर्षे घर चालविले आणि मला तो कधी अडचणीचा वाटला नाही. त्या दिवशी माझ्या लक्षात आले, की मी पडते हे गावाने पाहिले होते, बैलांनी पाहिले होते, फक्त ज्याने पाहायला पाहिजे त्या माणसाला ते दिसणार नाही अशी व्यवस्था मी स्वतः केली होती.

मी उठून बसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पडदा एका हाताने बाजूला सारला. मालक उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा ते पुन्हा बसले.

"कचरूलालच्या पोरा," मी म्हणाले, "मी उभी राहते. पण तुझा पारा वाचून पुरा होईपर्यंत मला कुणी धरायचं नाही. धरलं की पडलेली बाई मोजशील, उभी नाही."

"बिलकुल बरोबर, काकी. तीन मिनिटं लागतील."

"लागू देत."

मी उभी राहिले. नंदाबाई माझ्या मागे हात पसरून उभी राहिली, मला न शिवता. शिवनारायणाने पट्टीत हवा भरली.

"एकशे तीस," तो म्हणाला. पुन्हा भरली. "एकशे चार."

दाराची चौकट पिवळी दिसू लागली. मानेवर ते जू आले. मी समोरच्या खुंटीवर नजर रोवली आणि दात आवळले. खुंटी करडी झाली, मग तिच्यावरचे पागोटे दिसेनासे झाले. मला शिवनारायणाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू आला.

"झालं काकी."

"किती?"

"चौऱ्याऐंशी."

"मग धरा आता," मी म्हणाले आणि नंदाबाईच्या हातांत पडले.

शुद्धीवर आले तेव्हा मी पलंगावर होते, पडदा तसाच बाजूला होता आणि तो पोरगा माझ्या पायथ्याशी स्टुलावर बसून मालकांना समजावीत होता.

"माणूस उभं राह्यलं की रक्त पायात उतरतं. तुमचं उतरतं, माझं बी उतरतं. मंग आतून हुकूम सुटतो आणि नसा आवळतात, रक्त वर ढकलतात. काकींच्या नसांना तो हुकूमच पोचत न्हाई."

झुंबरबाई पदर तोंडाशी नेऊन हसली. "या घरात आक्कांचा हुकूम पोचत न्हाई असं एक तरी ठिकाण निघालं म्हणायचं."

सगळे हसले. मी पण हसले, कारण ते खरे होते.

"आणि ती सर्पगंधा," शिवनारायण म्हणाला, "ती दाब पाडायची मुळी. झोपलेल्या बाईसाठी ठीक. उभीला ती आणखी खाली ढकलून राह्यली. आणि मीठ तोडलं म्हणजे अंगात पाणीच टिकेना. काकी, आजपासून ती गोळी बंद. मीठ सुरू. साधं न्हाई, दुप्पट. ताकात मीठ, लोणचं, पापड, आणि सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच तांब्याभर पाणी."

दीड वर्ष मी अभिमानाने जे पथ्य पाळले, ते माझ्याच पायाखालची जमीन काढत होते. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला आंब्याच्या लोणच्याची आठवण आली आणि तोंडाला पाणी सुटले.

"हा आजार बरा कधी होईल?" मी विचारले.

त्याने खोटे सांगितले नाही, म्हणून मी त्याला आजही मानते. "बरा करणारं औषध न्हाई, काकी. उभं ठेवणारं आहे."

"मला उभंच राहायचं आहे," मी म्हणाले. "श्रावणातल्या अमावास्येला. पाऊण दिवस."

त्याने दिलेल्या गोळीचे नाव एफेड्रिन. दमेकऱ्यांना देतात तीच. ती नसांना आवळायला लावते, असे तो म्हणाला. आतला हुकूम पोचत नाही तर बाहेरून पाठवायचा. शिवाय पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली तीन तीन विटा घालायला सांगितल्या, म्हणजे झोपेत दाब चढणार नाही आणि शरीराला उताराची सवय राहील. मालक म्हणाले, "सकाळी घसरून ओसरीवर येशील." पोट व पाय घट्ट बांधून ठेवायलाही शिवनारायणाने सांगितले.

पोटासाठी मी गोजरबाईला बोलावले. आमच्याकडे बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याच्या लांब पट्टीने बांधतात आणि त्या कामात तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कुणी नाही. ती पट्टी घेऊन आली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"साठीच्या घरात बाळंतीण, पाटलीणबाई? काय झालं, मुलगा का मुलगी?"

"तू बांध. बारशाला बोलावीन."

"वारं म्हणले होते मी," पट्टी आवळता आवळता ती पुटपुटली. "वारंच निघालं. वरचं रक्त खाली नेणारं वारंच की ते."

पायांचे अवघड होते. साधी पट्टी चार पावलांत घोट्याशी गोळा होई. तेव्हा मच्छिंद्राला आठवण झाली. तो लढाईच्या काळात फौजेत होता आणि त्या वेळच्या पायाला गुंडाळायच्या लांब खाकी पट्ट्या त्याने पेटीत जपून ठेवल्या होत्या. तो अंगणात बसला आणि त्याने घोट्यापासून वर, दर वेढ्याला एक पीळ देत, त्या आपल्याच पायाला बांधून दाखविल्या. नंदाबाईने उंबऱ्यातून पाहून शिकून घेतले आणि आत येऊन माझ्या पायांना बांधल्या. अशा रीतीने धावड्याची पाटलीण लुगड्याखाली शिपायाचे पाय घेऊन वावरू लागली. गुडघ्यापर्यंत घट्ट, सरळ, न घसरणारे. त्या पट्ट्या मला आवडल्या. अजून आवडतात.

गोळीने मात्र सहजासहजी हुकूम मानला नाही. दिवसातून तीनदा म्हणून मी सकाळ, दुपार, रात्र अशी घेतली. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. डोक्यावरचे केस मुळापासून उभे राहिल्यासारखे वाटत, छाती धडधडे. चौथ्या दिवशी मी स्वतः कागद घेतला आणि शिवनारायणाला लिहिले. वडिलांकडे असताना पोथी वाचण्यापुरते मी शिकले होते, तेवढे पुरले. मी लिहिले, की तुमची गोळी सूर्य मावळल्यावर घेऊ नये हे तुम्ही सांगितले नाही, तरी मी ते शोधून काढले आहे. त्याने उलट टपाली क्षमा मागितली आणि चारनंतर एकही घेऊ नये असे लिहिले. मी ते आधीच बंद केले होते.

त्यापुढे दोन महिने आम्ही दोघांनी ती गोळी पत्रांतून माणसाळविली. सकाळी पूर्ण घेतली तर हात थरथरत. अर्धी घेतली तर दहाच्या सुमारास चुलीपाशी डोळे करडे होत. जेवणानंतर घेतली तर उपयोग होईपर्यंत मी पडून चुकलेली असे. जेवणाआधी अर्धा तास घेतली तर जेवण निभावे. शेवटी ठरले ते असे: अंथरुणातच पाण्याबरोबर अर्धी, मग अर्धा तास पडून राहायचे, मग पाय खाली सोडून बसायचे, मग उठायचे. दहा वाजता पूर्ण. दोन वाजता अर्धी. पुढे शिवनारायण मला म्हणाला, की अशा दुसऱ्या एका रुग्णाला त्याने माझ्याच वेळा लिहून दिल्या. ते ऐकून मला जे वाटले ते माझ्या मुलाने शेतीत बक्षीस मिळविले तेव्हाही वाटले नव्हते.

आणखी एक युक्ती मला कुणी शिकविली नाही. उभी असताना डोळे करडे होऊ लागले, की मी एका पायापुढे दुसरा पाय अढी घालून टेकवी आणि मांड्या, पोट व मुठी आवळून धरी. रंग परत येत. लुगड्याच्या घेरात ते कुणाला दिसत नसे. शिवनारायणाला लिहिले, तर तो म्हणाला, करत राहा.

आषाढ संपला तेव्हा मी तासभर उभी राहू शकत होते. चालत राहिले तर त्याहून जास्त. पण वाकून उठणे जमत नव्हते. एकदा खाली वाकावे आणि वर यावे, की पारा कोसळल्याचे मला पाऱ्याशिवाय कळे. आणि चौदा बैलांचे छप्पन्न खूर म्हणजे छप्पन्न वेळा वाकणे.

झुंबरबाईने ते हेरले होते. पोळ्याच्या आधी आठ दिवस ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आक्का, ओवाळा तुम्ही. खूर मी धुते. म्हणजे दोघींचं राहील."

"पुढचे का मागचे?"

तिने तांदळातून डोळे वर केले नाहीत. "मागल्या वर्षी पाहत होत्या वाटतं तुम्ही."

"मला पाहण्याशिवाय काय काम होतं?"

"चारी धुईन."

तिचे म्हणणे मनापासून होते. मी नाही म्हटले तेही मनापासून होते. मान अर्धा घेता येत नाही, निदान मला येत नाही.

आमच्या वाड्याबाहेर गोठ्याच्या कडेला मातीचा एक लांबट चौथरा आहे. कापसाची पोती गाडीत चढवायला तो बांधला. एका अंगाने उतार, दुसऱ्या अंगानेही उतार, उंची माझ्या मांडीइतकी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळून झाल्यावर मी चालत तेथे गेले, त्याच्या काठाशी उभी राहिले आणि हात सरळ खाली सोडले. बोटे चौथऱ्याला टेकली.

"मच्छिंद्र," मी म्हणाले, "उद्या बैल या चौथऱ्यावर चढवायचे. एकेक. एका बाजूनं वर, दुसऱ्या बाजूनं खाली."

मच्छिंद्र मालकांकडे पाहू लागला. मालक झुंबरबाईकडे पाहू लागले.

"पूजा दारात होते," झुंबरबाई म्हणाली. "आजपर्यंत बैल कधी चौथऱ्यावर चढवले न्हाईत. उद्या त्यांना माडीवर न्या म्हणाल."

"पोती चढतात, तिथं बैलानं का चढू नये? पोती त्यांच्याच जिवावर येतात."

मालकांनी पानाचा डबा उघडला, काही न लावता बंद केला आणि म्हणाले, "तोरण इकडं आणून बांधा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अर्धी गोळी घेतली, पाणी प्याले, पडून राहिले. नंदाबाईने पायपट्ट्या बांधल्या, गोजरबाईने पोट आवळले. दहाला पूर्ण गोळी, वर खारट ताक. वेशीतून बैल मिरवून आले तेव्हा गाव आमच्या दारी जमले होते, कारण चौथऱ्याची बातमी पसरली होती. रंगविलेली शिंगे, झुली, घुंगरमाळा. मी ताट घेऊन चौथऱ्यापाशी उभी होते.

पहिला बैल उतारापाशी अडला. मच्छिंद्राने थाप मारली, तो चढला. त्याचे खूर माझ्या हाताशी आले. मी ताठ उभ्यानेच तांब्याने पाणी घातले, हाताने चोळले, चिखल काढला. पुढचे दोन, मागचे दोन, फिरून पलीकडच्या अंगाने. चालणे मला मानवत होते. ओवाळायची वेळ आली तेव्हा त्याचे डोके माझ्या पदराहून बरेच वर होते. मी पोळी पुढे धरली आणि त्याने मान खाली आणली. कुंकू लागले. गर्दीत कुणी तरी म्हणाले, "बैल वाकला की." मग दुसरा. मग तिसरा.

नवव्या बैलाला पाने करडी झाली. ऊन चढले होते आणि सगळे घामेजले होते, मी सोडून. मी ताट चौथऱ्यावर ठेवले, जणू निरांजनाची वात सरळ करीत आहे, पायावर पाय घातला, मांड्या आवळल्या, मुठी आवळल्या. नंदाबाई एक पाऊल पुढे आली. मी मान हलवून तिला थांबविले. पानांच्या कडा आधी हिरव्या झाल्या, मग पाने. मी ताट उचलले. वात खरोखरच वाकडी होती. तीही सरळ केली.

चौदावा हरण्या मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. म्हातारा झाला होता. चढायला त्याने वेळ घेतला. त्याचे मागचे खूर मी दोनदा धुतले. ज्या पायाने तो माझ्यावर उभा राहिला नाही, तो डावा की उजवा हे मच्छिंद्रालाही आठवत नव्हते, म्हणून दोन्ही. मग त्याला ओवाळले. दोन पोळ्या दिल्या.

छप्पन्न झाले.

झुंबरबाईने पाट आणून ठेवला होता. कुणी सांगितले नव्हते. मी ताट नंदाबाईच्या हाती दिले, पाटापर्यंत चालत गेले, वळले आणि सगळ्या गावादेखत, मला बसायचे होते म्हणून, बसले.

"ताट उचलून ठेवू का, आक्का?" झुंबरबाईने विचारले.

"घासून. तुझ्याच पेटीत ठेव, पण पुढच्या पोळ्याला सकाळी माझ्याकडे आण."

ती हसली. मालक गर्दीतून येऊन माझ्यापुढे उभे राहिले. त्यांना काही तरी म्हणायचे होते आणि पानाचा डबा घरात राहिला होता.

"काय म्हणून राह्यली गोळी?" शेवटी ते म्हणाले.

"गोळी ठीक आहे. चौथरा कच्चा आहे, तिसऱ्या बैलाला कड ढासळली. पुढच्या वर्षाआधी दगडानं बांधून घ्या. आणि ताक आणायला सांगा. मीठ घालून."

दिवाळी होताच चौथरा दगडाने बांधला गेला. यंदा त्याच्यावरचा तिसरा पोळा.